एकशेबाराव्या पानावरच्या चिठ्ठ्या

इतिहासाचं पुस्तक निवडण्यात प्रूफवालीला मिळणार काय होतं, ते आधी मोजून घेऊ. नंतर जो तो म्हणायला लागतो की मला यातलं काही नकोच होतं.

पहिली मिळकत म्हणजे शब्दाला वजन. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी ती पाच घरं होती आणि पाचांची तोंडं पाच दिशांना. दंतवैद्याला गृहपाठ या गोष्टीचाच राग होता. बसचालक आणि त्याची बायको दोघंही बस चालवायची, त्यामुळे त्यांच्या घड्याळात शाळेची घंटा कधी बसलीच नाही. शिवणवालीचा मुलगा वर्गात अडखळत बोलायचा आणि घरी घडाघडा. बेकरीवाली पहाटे तीनला उठायची आणि तिच्या जुळ्या मुली शाळेची गाडी चुकवण्यात तरबेज होत्या. चहात साखर किती यावरही ज्यांचं कधी जमलं नाही, त्या माणसांनी एक गोष्ट बिनविरोध मान्य केली होती: पुस्तकांच्या बाबतीत प्रूफवाली म्हणेल ती पूर्व.

दुसरी मिळकत नावाची. औषधाच्या डबीत घडी घालून ठेवलेलं पत्रक असतं, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरातलं, जे आपण उघडतो आणि परत घडी जमत नाही म्हणून फेकून देतो, ती पत्रकं छापण्याआधी तपासणं हे तिचं काम. तिथे दशांशचिन्ह इकडचं तिकडे झालं तर माणूस इकडचा तिकडे होतो. त्यामुळे डोळ्यांपुढे आलेलं अक्षर ती सोडत नसे. ‘हिच्या नजरेतून काही सुटत नाही’ हे वाक्य ती इतक्यांदा ऐकून होती की तिला ते स्वतःचं आडनाव वाटायला लागलं होतं.

तिसरी मिळकत तिने कधी कुणापुढे काढली नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार, अशा आठवड्यातल्या तीन सकाळी. इतिहास शिकवायचे तिचे सासरे, तिच्याच घराच्या पुढच्या खोलीत, पाचही घरांच्या नऊ पोरांना. नऊ ते बारा पुढच्या खोलीत पोरं आणि मागच्या खोलीत ती, दार लोटून, पत्रकं आणि लाल पेन्सिल घेऊन. नवरा फिरतीवर. या तीन सकाळी गेल्या असत्या तर तिची नोकरीही गेली असती, इतकं सरळ गणित होतं. तेव्हा पुस्तक असं हवं, जे शिकवताना सासरे खूश राहतील. याला ती ‘बाबांचा मान’ म्हणायची. म्हणू देत. माणसं आपल्या सोयीला नेहमी चांगलंच नाव ठेवतात.

सासरेही शिकवायचे झकास. वर्गाआधी नऊ पेन्सिलींना पात्याने टोक काढून ठेवायचे, सगळ्या एका मापाच्या. नातीला ते ‘वकीलसाहेब’ म्हणायचे, कारण ती अकरा वर्षांची असून प्रत्येक वाक्याला हरकत घ्यायची. “आजोबा, राजा शूर होता हे राजाच्याच माणसाने लिहिलंय ना?” असं ती विचारायची आणि ते खूश होऊन म्हणायचे, “हरकत मान्य. पुढचा साक्षीदार बोलवा.”

एक विचित्र खोड मात्र होती. ते किल्ली बाळगत नसत. बाहेरून आले की घंटा वाजवून उभे राहायचे. घरात कुणी नसलं तर तासभर पायरीवर बसायचे, पण खिशात किल्ली ठेवायचे नाहीत. घरातल्या आतल्या दारांच्या कड्या त्यांनी सून येण्याआधीच काढून टाकल्या होत्या. न्हाणीघरात असताना गाणं म्हणायचं, म्हणजे आत कुणी आहे हे कळतं, असा घरचा नियम. पाहुण्यांना वाटे, केवढं गाणारं घर आहे!

आता निवडीची पद्धत. तीन पुस्तकं एका पिशवीत घालून घराघरांतून फिरायची, घरटी एक आठवडा. ज्याला जे पान आवडलं किंवा खुपलं, त्याने तिथे चिठ्ठी घालायची. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, पण कागद ज्याच्या त्याच्या घरचा असायचा, त्यामुळे नाव लिहायची गरजही नव्हती: दंतवैद्याची पुढच्या भेटीची कार्डं, बसवाल्यांच्या तिकिटांच्या पाठी, शिवणवालीचा मापं काढायचा पातळ कागद, बेकरीवालीच्या पावाच्या तपकिरी पिशवीचे तुकडे. प्रूफवालीच्या घरच्या चिठ्ठ्या म्हणजे प्रुफांच्या समासाच्या कापलेल्या पांढऱ्या पट्ट्या. पिशवी शेवटी निवडणाराच्या घरी यायची. त्याने चिठ्ठ्या वाचायच्या, तोलायच्या, पाचही घरांना एकपानी निवडपत्र लिहायचं आणि चिठ्ठ्या कुणालाही दाखवायच्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी भूगोलाच्या वेळी चिठ्ठ्या उघड वाचल्या होत्या आणि शिवणवाली दंतवैद्याशी चार महिने बोलत नव्हती. दाढ दुखली तेव्हा समेट झाला.

तर पिशवी आली ती सोमवारी रात्री, आणि प्रूफवालीच्या हातात नेमकं तातडीचं काम होतं. पिशवी पुढच्या खोलीतल्या टेबलावर दीड दिवस पडून राहिली. बुधवारी वर्ग सुटल्यावर तिने ती उघडली.

पुस्तकं तीन. एक जाड, त्यात राजे इतके की प्रजेला जागाच उरली नव्हती. एक बारीक, गुळगुळीत, प्रत्येक धड्याखाली पाच प्रश्न आणि पाचांची उत्तरं धड्यातच जशीच्या तशी. आणि एक मधलं. मधल्याला मुलांनी आपणहून नाव ठेवलं होतं, उलटतपासणीचं पुस्तक. त्यात कुठलीही घटना सरळ सांगितलेलीच नव्हती. दोन-तीन माणसांचे जबाब द्यायचे आणि खाली विचारायचं, आता तुम्ही सांगा. चिठ्ठ्या या पुस्तकात सगळ्यात जास्त होत्या. पुस्तक फुगून कोंबडीसारखं बसलं होतं.

तिलाही ते आवडलं. पहिली शंभर पानं वाचून होईपर्यंत निवडपत्राचं पहिलं वाक्यही तिच्या डोक्यात तयार होतं. मग एकशेबारावं पान आलं.

धड्याचं नाव ‘जवळचा इतिहास’. नदीपलीकडच्या गावातला गाद्यांचा कारखाना, चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची आग, सतरा बायका. पानावर तीन जबाब होते. व्यवस्थापकाचा: “कामाच्या वेळी मागचं दार कुलूपबंद ठेवण्याचा नियम शिस्तीसाठी होता.” वाचलेल्या एका कामगार बाईचा: “दाराशी पोचलो. किल्ली कुणाकडे, तर हजेरीवाल्याकडे. हजेरीवाला जागेवर नव्हता.” आणि चौकशीच्या अहवालातली एक ओळ: “हजेरी कारकून त्या वेळी टपालकचेरीत गेला होता. किल्ली त्याच्या खिशात होती. त्याच्यावर ठपका ठेवण्याचे कारण दिसत नाही.” खाली स्वाध्याय: जबाबदार कोण? पुरावा द्या. हजेरी कारकुनाचं नाव अहवालात का नसेल?

अहवालात नसेल, पण ते प्रूफवालीला ठाऊक होतं. सासूने जाण्यापूर्वी, दवाखान्यातल्या खाटेवर, तिचा हात धरून सांगितलं होतं. “ते टपालात टाकायला गेले होते ते पत्र मला आलं गं. लग्नाआधीचं. जपून ठेवलंय मी. त्यांना किल्लीवरून कधी टोकू नकोस.” त्या पत्राच्या जोरावर पुढे लग्न झालं, मुलगा झाला, मुलाचं लग्न झालं आणि सून या टेबलाशी येऊन बसली. नवऱ्याशीसुद्धा ती यावर एकदाच बोलली होती, तेही अर्धं.

आता हे पान नऊ पोरांपुढे उघडायचं आणि शिकवणार कोण, तर तेच. आणि वकीलसाहेब पहिल्याच मिनिटाला विचारणार, “आजोबा, तो कारकून गेला कुठे मग?”

त्या पानात चिठ्ठ्यांचा जुडगा होता. पाच-सहा तरी, एकावर एक. वर दंतवैद्याचं कार्ड, त्याखाली तपकिरी कागदाचं टोक.

इथे तिच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. प्रूफ तपासणाऱ्याला एक नियम असतो: दिसलेली चूक सोडता येत नाही. वाचलं की खूण करावीच लागते. म्हणून सुटीच्या दिवशी ती मुद्दाम औषधांच्या दुकानाकडे पाठ करून चालायची. हाच नियम त्या दिवशी तिने उलटा वापरला. चिठ्ठ्या वाचल्या तर तोलाव्या लागतील. म्हणून तिने त्या वाचल्या नाहीत. मान वळवून, चिमटीत धरून जुडगा बाहेर काढला, पाकिटात घातला आणि पाकीट जुन्या शब्दकोशात सरकवलं. फाडून टाकायचं तिच्या मनातही आलं नाही. काम छापून येईपर्यंत मूळ प्रत जपायची, ही सवय पापातसुद्धा सुटत नाही.

मग तिने निवडपत्र लिहिलं. बारीक पुस्तक घ्यावं. मधल्या पुस्तकाचा टंक मुलांच्या डोळ्यांना लहान, वजन दप्तराला जास्त, नकाशे पुसट. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. एकही खोटं अक्षर नव्हतं त्यात, आणि तिला त्याचा थोडा अभिमानही वाटला. मी म्हणतो, खोटं बोलणारा परवडतो. निदान त्याला रात्री कूस तरी बदलावी लागते.

दंतवैद्य पत्र घेऊनच आला. “वहिनी, नकाशे पुसट हे आमच्या ध्यानातच आलं नाही हो! पण ते एकशेबारावं पान फार भारी होतं. माझं कार्ड होतं तिथे.”

“होतं,” ती म्हणाली.

“मुलगा आयुष्यात पहिल्यांदा अभ्यासावरून माझ्याशी भांडला. एरवी जेवणावरून भांडतो.”

“टंक बघा ना पण. चष्मे लागतील पोरांना.”

“ते खरं. दात माझ्याकडे, डोळे तुमच्याकडे.” हसत हसत तो गेला. बारीक पुस्तकाच्या नऊ प्रती आल्या. सगळं जागच्या जागी बसलं.

दोन आठवड्यांनी सासऱ्यांनी पुस्तक तिच्या टेबलावर आणून ठेवलं. “सूनबाई, आता इतिहास तूच घे.”

“का हो बाबा?”

“आवाज बसतो हल्ली.”

आवाज ठणठणीत होता. कालच न्हाणीघरातून त्यांनी अख्खं गाणं कडव्यांसकट म्हटलं होतं. “डॉक्टरांना दाखवू या का?”

“आवाज बसायला डॉक्टर कशाला? बसू दे की बिचारा. उभाच आहे कधीचा.” आणि ते आपल्या खोलीत गेले. सोमवारी सकाळी मात्र टेबलावर नऊ पेन्सिली टोकं काढून ठेवलेल्या होत्या.

अशा रीतीने ज्या तीन सकाळी वाचवायला एवढं केलं, त्या पहिल्या झटक्यात गेल्या. पत्रकं ती दुपारी आणि पहाटे तपासायला लागली. पोरांना इतिहास शिकवायला लागली तर पोरं जांभया द्यायची. वकीलसाहेबांनी तर लेखी तक्रारच दिली: ‘या पुस्तकात हरकत घ्यायला काहीच नाही.’

महिन्याभराने एका सकाळी ती पाव घ्यायला बेकरीत गेली. गर्दी नव्हती. बेकरीवालीने तपकिरी पिशवी झटकून उघडली, पाव घातला आणि वर मोडक्या बिस्किटांची मूठ टाकली. ही मूठ वकिलाची फी, असं ती नेहमी म्हणायची.

“ताई, एक विचारू?”

“विचारा की.”

“माझी चिठ्ठी वाचली असेलच तुम्ही.”

आता इथे ‘नाही’ म्हणायला किती लागतं? एक श्वास. पण ज्या बाईचं नावच ‘हिच्या नजरेतून काही सुटत नाही’ असं पडलंय, तिच्या तोंडून ते निघेना. “हो, वाचली ना,” ती म्हणाली.

“मला वाटलंच. नकाशांचं तुमचं बरोबर असणार, मला त्यातलं कळत नाही. पण या बारीक पुस्तकात तो धडा आहे का?”

“आहे.” तेवढं तिने पाहिलं होतं. “थोडक्यात आहे.”

“थोडक्यात तर थोडक्यात. त्या दिवशी मला तेवढं कळवा म्हणजे झालं. बहिणीला दुकानावर बसवते मी, ठरवून ठेवलंय.” तिने पिशवीचं तोंड दुमडलं आणि पिठाच्या हाताने डोळ्याशी काहीतरी केलं. “आणि आजोबांचा आवाज सुधारला की त्यांनाच सांगा हं शिकवायला. रागावू नका, तुम्ही वाचता छान, पण ते सांगतात.”

प्रूफवाली घरी आली ती पाव टेबलावर ठेवायचंही विसरली. पिशवी काखेत तशीच धरून तिने शब्दकोश काढला, पाकीट काढलं आणि चिठ्ठ्या एकेक करून ओळीने मांडल्या.

दंतवैद्याचं कार्ड: ‘उत्तम स्वाध्याय.’ तिकिटाची पाठ: ‘हे घ्याच. आमच्या दोघांचं एकमत, नोंद करून ठेवा.’ मापाचा पातळ कागद: ‘माझा मुलगा हे पान न अडखळता मोठ्याने वाचत होता.’

तपकिरी तुकडा, तेलाचा डाग पडलेला: ‘या सतरांत माझी आई. मी तेव्हा तीन वर्षांची. मुलींना मी सांगायला जाते आणि रडते, मग त्या घाबरतात. आजोबांनी शिकवलं तर त्यांना नीट कळेल. मीही मागे येऊन बसेन. मला कुणाला काही म्हणायचं नाही. फक्त एकदा कुणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगावं.’

आणि सगळ्यात खाली एक पांढरी पट्टी. प्रुफाच्या समासाची. तिच्या स्वतःच्या घरची.

तिने तर चिठ्ठी घातलीच नव्हती. मग पिशवी पुढच्या खोलीत पडून होती तो दीड दिवस तिला आठवला. अक्षर सरळ होतं, ओळखीचं, हजेरीच्या वहीत वर्षानुवर्षं लिहिलेल्या माणसाचं.

‘हे पान मी शिकवीन. किल्लीवाल्याचं नाव मुलांना माझ्याच तोंडून कळू दे. वकिलाला आधी सांगेन, मग बाकीच्यांना. तुला हे नको वाटलं तर दुसरं पुस्तक निवड. मी समजेन. पुन्हा विचारणार नाही.’

तिने ते तीनदा वाचलं. चूक कुठेच नव्हती.

सासरे त्यांच्या खोलीत खिडकीशी बसून पेन्सिलींना टोकं काढत होते. मांडीवर वर्तमानपत्र पसरलं होतं. ती दारात उभी राहिली. दाराला कडी नव्हती, तरी आत जायला तिला वेळ लागला.

“बाबा, मी ती चिठ्ठी वाचली नव्हती.”

“कुठली?”

“तुमची. एकशेबाराव्या पानातली.”

पातं थांबलं. त्यांनी तिच्याकडे वर पाहिलं आणि त्यांना हसू आलं, अगदी मनापासून. “तू? आणि वाचली नव्हतीस?”

“खरंच सांगते.”

“अगं, साबणाच्या कागदावर काय छापलंय ते आंघोळ थांबवून वाचणारी बाई तू. नातीच्या बाळपणी खुळखुळ्यावरच्या सूचना वाचून दाखवल्या होत्यास तिला.”

“मुद्दाम नाही वाचली. सगळ्यांच्याच काढून ठेवल्या. मला वाटलं, तुम्हाला...”

“राहू दे गं.” त्यांनी पेन्सिल फुंकली. “मी लिहिलं होतं, विचारणार नाही. विचारलं का मी? मग तू का सांगत बसलीस? आणि उत्तर चांगलं दिलंस. टंक, वजन, नकाशे. इतक्या सभ्य भाषेत मला कुणी नाही म्हटलं नव्हतं.”

“मी नाही म्हटलंच नव्हतं!”

“हळू. वकील बाहेर आहेत.”

“आपण पुस्तक बदलू. मी सगळ्यांना पत्र लिहिते. तुम्ही सांगा मुलांना, जसं ठरवलं होतंत तसं.”

त्यांनी पेन्सिली वर्तमानपत्रावर ओळीने लावल्या. नऊ होत्या. मग त्या पुन्हा लावल्या.

“चव्वेचाळीस वर्षांत एकदा,” ते म्हणाले, “त्या मंगळवारी दुपारी, तू आत कामात होतीस, तेव्हा धीर आला. आला तसा लिहून टाकला. नंतर तुझं पत्र वाचलं आणि खरं सांगू? बरं वाटलं. सुटलो म्हटलं. आता पुन्हा त्या दाराशी नको नेऊस मला. तुला नको होतं, मलाही नको झालं. जुळलं की आपलं.”

तिच्या मुठीत तपकिरी कागद होता. तो पुढे केला असता तर कदाचित काही झालं असतं. किंवा हातातलं पातं खाली पडून म्हातारा माणूस जागच्या जागी खचला असता. रोज पाव खातो तो कुणाच्या लेकीच्या हातचा, हे कळून. यातलं काय होईल ते तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं म्हणून तिने मूठ उघडली नाही. बाबांसाठीच, असं तिने मनाशी म्हटलं. हे वाक्य आपण आधीही ऐकलंय.

बेकरीवालीला तिने कळवलं नाही. कळवून दाखवायचं काय? बारीक पुस्तकात त्या आगीला अर्धी ओळ होती.

तो धडा आला एका शुक्रवारी. नऊ पोरं पुढच्या खोलीत, तिच्या हातात पुस्तक, सासऱ्यांच्या खोलीचं दार नेहमीसारखं उघडं. वाचायची पाळी जुळ्यांमधल्या धाकटीची होती. ती वाचत होती, “याच काळात उद्योग वाढले. काही ठिकाणी अपघातही झाले. नदीकाठच्या गादी कारखान्याला तारांच्या दोषामुळे आग लागून काही कामगार दगावले.” तिथे ती थांबली. बोट ओळीवर तसंच ठेवून तिने वर पाहिलं.

“मावशी, काही म्हणजे किती?”

पोरीला ते माहीत होतं. प्रूफवालीलाही माहीत होतं, आणि पोरीला माहीत आहे हेही माहीत होतं. मोठीने धाकटीचा हात धरला. वकीलसाहेब पेन्सिल चावायच्या थांबल्या.

“पुस्तकात आकडा दिलेला नाही,” प्रूफवाली म्हणाली. हेही खरंच होतं.

“सतरा,” आतल्या खोलीतून आवाज आला.

मोठ्याने नाही. पण स्वच्छ. बसलेला मुळीच नव्हता.

सगळ्यांच्या माना त्या उघड्या दाराकडे वळल्या. तिथे कुणी दिसत नव्हतं, खिडकीच्या उजेडात खुर्चीचा एक हात तेवढा दिसत होता.

“आजोबांना कसं माहीत?” धाकटीने विचारलं.

“आजोबा!” वकीलसाहेब उठल्याच. “तुम्ही तिथे होतात?”

आत खुर्ची वाजली. एवढंच. कुणीतरी उठायला लागावं आणि मध्येच थांबावं, तशी. प्रूफवालीला तो आवाज कळला. ते वाट बघत होते. यावेळी चिठ्ठी नव्हती, पाकीट नव्हतं, शब्दकोश नव्हता. तिने फक्त ‘या बाबा’ म्हणायचं होतं. दोन शब्द. नऊ पोरं तिच्या तोंडाकडे पाहत होती आणि तिला दिसत होत्या त्या जुळ्यांच्या वेण्या, एकीची रिबीन तपकिरी.

“बसा खाली,” ती लेकीला म्हणाली. “आधी धडा पुरा करू. पुढे वाच.”

धाकटीने पुढे वाचलं. आत खुर्ची पुन्हा वाजली, बसताना वाजते तशी.

आता कुणी काय किंमत भरली ते.

पुस्तक निवडणारीचं नाव शाबूत आहे. पुढल्या वर्षी विज्ञानाचं पुस्तकही तीच निवडणार, पाचही घरांचं ठरलंय. तीन सकाळी तेवढ्या गेल्या. सासरे पेन्सिली अजून करतात, पण वकीलसाहेबांनी त्या संध्याकाळी “सांगा ना, तुम्ही तिथे होतात?” असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, “मला फारसं आठवत नाही गं.” अकरा वर्षांत नातीशी बोललेलं हे त्यांचं पहिलं खोटं. तिने हरकत घेतली नाही. वहीत ‘आग कशामुळे लागली’ या प्रश्नाखाली ‘तारांच्या दोषामुळे’ असं लिहून वही आईपुढे ठेवली. उत्तर पुस्तकाबरहुकूम होतं. आईने लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली.

आणि बेकरीवालीला घरी जाऊन मुलींनी सांगितलं की तो धडा झाला, अर्ध्या ओळीत. शनिवारी तिने प्रूफवालीला पाव दिला, रोजच्यासारखाच गरम. पिशवीचं तोंड नीट दुमडलं. नेहमीचं ‘या ताई’ मात्र म्हणाली नाही. घरी येऊन प्रूफवालीने पिशवी टेबलावर उपडी केली. पाव निघाला, चुरा निघाला. वकिलाची फी नव्हती.